शेरा कुणाच्या नावावर?

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की आधी कुंभारी लागतं, मग वळसंग. स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आणि पायी निघालेले भाविक या रस्त्यावर बारा महिने दिसतात. गावात मराठी चालते तशी कन्नडही चालते. दवाखान्यात आलेल्या म्हातारीला कुठं दुखतंय हे दोन्ही भाषांत विचारावं लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावात जिल्हा परिषदेचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढे मांडलेला वाद मात्र या एका केंद्राच्या कारभाराबद्दल नाही. महाराष्ट्रातल्या अठराशेहून जास्त प्राथमिक आरोग्य केंद्रांना तो सारखाच लागू पडतो. त्यांची तपासणी कुणी करायची, आणि त्यांना लागणारा पैसा कुणी, किती, कधी द्यायचा, एवढाच त्याचा विषय.

वाद घालणारे दोघं नात्यातले आहेत. मावशी उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून लागली आणि आरोग्य सहायिका होऊन निवृत्त झाली. भाचा स्थानिक निधी लेखापरीक्षेत आहे, म्हणजे जिल्हा परिषदेची दप्तरं तपासणं हे त्याचं रोजचं काम. ही दोन माणसं मी उभी केली आहेत. त्यांच्या तोंडचं बोलणं मात्र त्या दोन खात्यांत उमर घालवलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे.

भाचा: मावशी, दरवेळी तू पैशावरच येतेस. पैसा नाही, माणसं नाहीत, औषधं नाहीत. मग मार्चअखेरीला केंद्राच्या खात्यात रक्कम शिल्लक का राहते? रुग्ण कल्याण समितीची पासबुकं मी बघतो की. वर्षभर इन्व्हर्टर बंद, आणि खात्यात पैसे पडून. पैसा होता, पण तो का खर्चला नाही हे विचारणारं कुणी नव्हतं.

मावशी: विचारणारे कमी आहेत होय? तालुका आरोग्य अधिकारी येतात, जिल्ह्याचे येतात, पुण्याहून उपसंचालक कार्यालयाचे येतात. लसीकरणाचे वेगळे, क्षयरोगाचे वेगळे, स्वच्छतेच्या कायाकल्प योजनेचे वेगळे, मधूनच जिल्हा परिषदेचे सदस्य, कधी आमदार. भेट पुस्तिकेत पान उरत नाही. प्रत्येकजण शेरा लिहितो, 'प्रसूतिगृहाचे छत गळते, दुरुस्ती करून घ्यावी.' कुणी करून घ्यावी? कशातून? सही ठोकून साहेब गाडीत बसतात. सहा महिन्यांनी दुसरे येतात आणि तोच शेरा पुन्हा लिहितात. छत तिसऱ्या पावसाळ्यातही गळतं.

भाचा: दुरुस्तीसाठी पैसा असतो. एक लाख समितीचे, पन्नास हजार देखभालीचे, पंचवीस हजार अबंधित. वर्षाला पावणेदोन लाख.

मावशी: 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हाचा तो हिशेब. तेव्हा सिमेंटचं पोतं किती होतं आणि आज किती आहे? आणि तो पैसा येतो कधी? केंद्र सरकार साठ टक्के देणार, राज्य चाळीस टक्के घालणार, मग राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला. आमच्या हातात पडायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडायचा. मार्चच्या आत खर्च करा म्हणायचे. तीन दरपत्रकं मागवा, समितीची सभा लावा, सरपंच लग्नाला गेला म्हणून सभा रद्द, आणि 31 मार्च. उरलेल्या पैशावर तू आक्षेप काढणार. घाईत खर्च केला तर दरपत्रकाची तारीख चुकली म्हणूनही आक्षेप काढणार. नव्यानं लागलेला पंचविशीतला डॉक्टर असतो रे. वसुली निघेल म्हणून तो चेकवर सहीच करत नाही.

इथं मला मावशीच्या बाजूनं एक जोड द्यावीशी वाटते. रुग्ण कल्याण समिती ही कल्पना जन्मली ती नेमकी ही भीती घालवण्यासाठी. 1994 साली सुरतेच्या प्लेगनं देश हादरला होता. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झालेला. जिल्हा प्रशासनानं आणि गावानं मिळून ते रुग्णालय धुऊन काढलं, आणि नंतरची देखभाल स्थानिक समितीनं स्थानिक पैशातून करावी असं ठरलं. नळ गळतो, तर वरच्या परवानगीची वाट न बघता प्लंबर बोलवायचा, इतकी साधी ती गोष्ट होती. 2005 नंतर ती देशभर गेली. जाताना तिच्यावर नियमांचे इतके थर चढले, की प्लंबर बोलवायलाही आता ठराव लागतो.

भाचा: नियम उगाच नाहीत आले. खुर्च्या आल्या नाहीत आणि बिल निघालं, बागेसाठी माती टाकली म्हणून पैसे उचलले आणि बाग कुठं नाही, असलं मी बघितलंय. तू चांगल्या केंद्रात होतीस म्हणून तुला नियम जड वाटतात. आणि पैशाचं सोड, माणूस जागेवर नसतो त्याचं काय? राजस्थानात उदयपूरला मोठा प्रयोग झाला होता. नंतर नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, आणि तिथली सेवा मंदिर ही संस्था. उपकेंद्रावरच्या सिस्टरनं ठरलेल्या दिवशी तीनदा यंत्रावर वेळेचा शिक्का मारायचा, नाही मारला तर पगार कापायचा. पहिले काही महिने हजेरी चांगलीच वाढली.

मावशी: आणि नंतर?

भाचा: नंतर आरोग्य खात्यानंच सूट द्यायला सुरुवात केली. आज बैठक होती, आज सर्वेक्षण होतं, असं करत गैरहजेरी माफ होत गेली. सोळा महिन्यांत सगळं मूळ पदावर आलं.

मावशी: तू हे माझ्याविरुद्ध सांगतोयस, पण ते माझ्याच बाजूचं आहे. सिस्टर उपकेंद्रात नसते, कारण ती पाच हजार लोकसंख्येच्या वाड्यावस्त्यांवर असते, किंवा तालुक्याला अहवाल घेऊन बसलेली असते. राहायला क्वार्टर दिलेलं असतं, त्याला दार नसतं. एकटी बाई रात्री तिथं राहील? हजेरी मोजणारं यंत्र आणायला पैसे निघतात, दाराला निघत नाहीत.

भाचा: सगळ्याच सिस्टर वाड्यावस्त्यांवर नसतात, मावशी. काही सोलापुरात असतात.

मावशी: असतात. (थांबून) मी नाही म्हणत नाही. पण ते गावाला माहीत असतं. यंत्र लागत नाही त्याला.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि महाराष्ट्रानं तो एकदा गांभीर्यानं करून पाहिला आहे. 2007 मध्ये आरोग्य अभियानाच्या अंतर्गत पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यपातळीवर त्याचा समन्वय करत होती. पुढे ते तेरा जिल्ह्यांपर्यंत गेलं, त्यात सोलापूरही आलं. गावातल्या बाया, आशा, पंचायतीचे सदस्य, संस्थांचे कार्यकर्ते मिळून केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचे. चांगलं ते हिरवं, मध्यम ते पिवळं, वाईट ते लाल. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही भिंतीवरचा तक्ता पाहून आपल्या दवाखान्याचं काय चाललंय ते कळे. मग जनसुनवाई व्हायची. मांडवात एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे अधिकारी. सरकारी डॉक्टर बाहेरून औषध आणायची चिठ्ठी देतो, बाळंतपणाला पैसे मागतात, रुग्णवाहिकेच्या डिझेलचे पैसे मागतात, अशा तक्रारी नावागावासह उभ्या राहत.

भाचा: हेच तर मी म्हणतोय. पैसा न वाढवता सुधारणा झाली ना? लोकांनी विचारलं, आणि घेतलेले पैसे परत करावे लागले.

मावशी: अर्धं सांगतोस. त्या मांडवात डॉक्टर उभा राहायचा आणि म्हणायचा, 'माझ्याकडं दोन महिने लस आली नाही, ही बघा मागणीपत्राची प्रत.' मग गाव वळायचं जिल्ह्याच्या साहेबांकडं. तिथं साहेबांची मान खाली जायची. डॉक्टर आणि गाव आधी एकमेकांसमोर उभे असायचे, तासाभरानं दोघं मिळून वर तोंड करून उभे राहायचे. तपासणी वरच्या दिशेनं गेलेली मी तेवढीच बघितली.

भाचा: आणि मग ते बंद का पडत गेलं?

मावशी: ज्याची तपासणी करायची त्याच्याच तिजोरीतून तिचा पैसा यायचा. वेळेवर येईल कसा?

भाच्यानं इथं आफ्रिकेतल्या युगांडाचं उदाहरण पुढे केलं. पन्नास आरोग्य केंद्रांवर गावकऱ्यांच्या प्रगतिपत्रकाचा प्रयोग झाला, आणि वर्षभरात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू तिथं जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाल्याचं 2009 साली अर्थतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलं. जगभर त्याचा बोलबाला झाला. पुढे हाच प्रयोग 376 केंद्रांवर करून पाहिला, तेव्हा बालमृत्यूंत तसा फरक दिसला नाही. भाचा हे सांगून गप्प बसला, कारण ते त्याच्या म्हणण्याला बाधक होतं. मला त्याचं हे वागणं आवडलं. आकडे आपल्या बाजूनं पडत नसले तरी पुढे ठेवायचे, ही लेखापरीक्षकाची शिस्त आहे. माझ्या मते त्या निकालाचा अर्थ असा: लोकांनी विचारल्यानं फरक पडतो, पण ज्याला विचारलं त्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. रिकाम्या हाताच्या माणसाला शंभर जणांनी विचारलं तरी तो रिकामाच हात दाखवणार.

मावशीनं मग विषय थेट नगरला नेला.

मावशी: 2021 चा जानेवारी आठव. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. तिथल्या अग्निसुरक्षेच्या कामाचा प्रस्ताव वर जाऊन पडला होता, असं तेव्हा पेपरात आलं. मग सरकारनं काय केलं? सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करा म्हणून आदेश काढले. तुझ्या मताप्रमाणं योग्यच. ऑडिट झाली. दहा महिन्यांनी, 6 नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला. अकरा रुग्ण गेले. ऑडिट झालं होतं रे तिथलं! काय काय बसवायला हवं ते कागदावर होतं. बसवायला निधी आला नव्हता. आणि अटक कुणाला झाली? एक डॉक्टर आणि तीन सिस्टर. ज्या टेबलावर तो निधीचा कागद पडून होता, त्या टेबलावरच्या माणसाला कुणी हात लावला?

भाचा: अटक झाली कारण आग लागली तेव्हा त्या कक्षात नव्हत्या, असा आरोप होता.

मावशी: असेल. तो तपास पोलिसांनी करावा, कोर्टानं ठरवावं. पण पाण्याचे फवारे बसलेले नव्हते, हा कुणाच्या गैरहजेरीचा भाग होता?

मी या प्रश्नापाशी बराच वेळ थांबलो आहे, आणि भाचाही थांबला होता. आपल्याकडं तपासणी नावाची गोष्ट कायम उतरणीला लागते. मंत्री सचिवाला विचारत नाही, सचिव संचालकाला टाळतो, आणि शेवटी सगळं जाऊन पडतं रात्रपाळीच्या सिस्टरवर. नांदेडचं आठवून पाहा. 2023 च्या सप्टेंबरच्या शेवटच्या रात्रीपासून चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात अर्भकं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आणि दोन-तीन दिवसांत एक खासदार पाहणीला गेले, त्यांनी तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच. शौचालय घाण होतं हे खरं. पण सफाई कामगारांची, परिचारिकांची, डॉक्टरांची किती पदं तिथं भरलेली होती, औषधं वेळेवर मिळत होती का, हे विचारायला ज्या सभागृहांत लोकप्रतिनिधींनी उभं राहायचं असतं ती दिल्लीत आणि मुंबईत आहेत. एका डॉक्टरच्या हातात झाडू देऊन तो प्रश्न सुटत नाही, उलट झाकला जातो. अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी उणिवा लपवायला शिकतो, आणि बाळांचे जीव जातात ते लपवलेल्या उणिवांमुळे.

भाचा: बरं, पैशाचं तुझं मान्य करतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं होतं की 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा, आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यावेत. 2021-22 ला, कोविड चालू असताना, देश 1.84 टक्क्यांवर होता. महाराष्ट्र पाच टक्क्यांच्या आतबाहेर घोटाळतो. एकूण आरोग्यखर्चातला जवळजवळ चाळीस टक्के भाग अजून लोक स्वतःच्या खिशातून भरतात. हे आकडे मला पाठ आहेत. पण कॅगचा अहवालही पाठ आहे. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मांडला गेला तो. त्यात डॉक्टर, परिचारिकांच्या रिक्त पदांवर जसं बोट आहे, तसं औषधखरेदीतल्या दिरंगाईवरही आहे. 2017 ला खरेदी हाफकिन महामंडळाकडं दिली, नंतर 2023 ला वेगळं प्राधिकरण काढलं. पैसा मंजूर असूनही गोळ्या पोचल्या नाहीत, हेही घडलंय. नुसता पैसा वाढवून काय होणार?

मावशी: पण कॅगचा अहवालसुद्धा तपासणीच ना? तो मांडला, छापून आला, पुढं काय? त्या रिक्त जागा दुसऱ्या दिवशी भरल्या का?

भाचा: लोकलेखा समिती असते...

मावशी: असते. आमच्या भेट पुस्तिकेसारखी मोठ्या साहेबांचीही एक पुस्तिका असते, एवढंच.

यावर भाचा चिडला नाही. त्यानं इंग्लंडची एक गोष्ट काढली, आणि मला वाटतं वादाला खरं वळण तिथून लागलं. स्टॅफर्ड नावाच्या गावातलं सरकारी रुग्णालय. 2006-07 मध्ये त्यांना खर्चात एक कोटी पौंडांची कपात करायची होती, ती त्यांनी माणसं कमी करून केली. हिशेब सुधारला म्हणून 2008 च्या सुरुवातीला त्या रुग्णालयाला स्वायत्त संस्थेचा मानाचा दर्जाही मिळाला. त्याच काळात तिथं म्हाताऱ्या रुग्णांना पाणी द्यायला कुणी नव्हतं, लोक स्वतःच्या घाणीत पडून राहत होते. तपासणाऱ्या संस्था एक सोडून अनेक होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी बघतेय. शेवटी मेलेल्यांच्या नातेवाइकांनी आवाज उठवला, रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि 2013 च्या फेब्रुवारीत 290 शिफारशींचा अहवाल आला.

भाचा: तिथं पैसा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, मावशी. तरी असं झालं. कारण तपासणारे कागदावरचे आकडे बघत होते आणि खाटेवरचा माणूस कुणी बघत नव्हतं.

मावशी: आणि माणसं कमी केली होती कशासाठी? पैसे वाचवायला. बघ, दोन्ही एकाच जागी येतात. ज्यानं पैसे कापले त्याला बक्षीस, आणि ज्या सिस्टरकडं दहाच्या जागी वीस रुग्ण आले ती निष्काळजी.

आपल्या रस्त्याचंच उदाहरण घेऊ. मैदानी भागात तीस हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम. वळसंगच्या अलीकडं कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची. त्याच परिसरात रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांची योजना. 19 जानेवारी 2024 ला त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. एका घरात चार माणसं धरली तरी नुसत्या त्या पंधरा हजार घरांची साठ हजार होतात, म्हणजे नियमानं दोन केंद्रं. यंत्रमाग, कापडशिलाई, विडी, कचरावेचक; श्वासाचे आजार आणि क्षय ज्यांच्या पाठीशी लागलेले असतात अशी ही माणसं. आणि 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून केंद्रं, पदं, निधी यांच्या मंजुरीत आधार धरला जातो तो 2011 चा. चावी देणारं सरकार आणि पदं मंजूर करणारं सरकार एकच आहे, पण दोघांच्या वहीत या माणसांची संख्या वेगवेगळी आहे. अक्कलकोटच्या वाटेवर उन्हानं चक्कर येऊन पडणारा भाविक तर कुणाच्याच वहीत नाही. अशा ठिकाणच्या केंद्राला 'बाह्यरुग्ण विभागात गर्दीचे नियोजन नाही' असा शेरा मिळाला, तर तो शेरा खरा तर कुणाच्या नावावर पडायला हवा?

विम्याचंही बोलणं निघालं. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. तीच आज महात्मा फुले यांच्या नावानं चालते, आणि दीड लाखांचं छत्र पाच लाखांपर्यंत गेलं आहे. भाचा तिच्या बाजूनं बोलला, कारण तिथं प्रत्येक रुग्णामागं हिशेब असतो. मावशीचं म्हणणं असं की हृदयाला नळी बसवायला त्यात पैसा आहे, पण रक्तदाब दर महिन्याला तपासून ती वेळ येऊच नये यासाठी आरोग्यसेविकेच्या पिशवीत चालू यंत्र ठेवायला नाही. मला मावशीचं पटतं. मात्र 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य संस्थांतले उपचार पूर्ण मोफत झाले, त्याबद्दल दोघांचं एकमत आहे, आणि दोघांची काळजीही एकच आहे. केसपेपरचे थोडे पैसे समितीकडं स्थानिक जमा व्हायचे, त्यातून बल्ब आणि फिनाईल यायचं. गरिबाकडून ते घेणं थांबलं हे उत्तम झालं. पण तेवढी रक्कम वरून वेळेवर यायला हवी.

वळसंगला सार्वजनिक सोयीचा एक जुना इतिहास आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना येऊ दिलं जात नव्हतं त्या समाजानं इथं स्वतःच्या कष्टानं विहीर खणली, आणि 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचं उद्घाटन करून घेतलं. मावशीनं तिचा उल्लेख केला तो अभिमानानं, पण लगेच पुढे म्हणाली, त्या लोकांना स्वतः विहीर खणावी लागली, कारण जे सार्वजनिक होतं ते त्यांच्यासाठी नव्हतं. दवाखान्याच्या बाबतीत तसं परत होऊ द्यायचं नाही. ज्याच्याकडं पैसा आहे तो सोलापूरच्या खासगीत जाईल, आणि उरलेल्यांसाठी सरकारी इमारत, असं झालं की मग तिथली तपासणीही कुणी मनापासून करत नाही आणि पैसाही कुणी मनापासून देत नाही.

भाचा: मग तूच सांग, काय बदलायचं?

मावशी: भेट पुस्तिकेत दोन रकाने वाढवायचे. शेऱ्यासमोर लिहायचं, हे काम केंद्राच्या हातातलं आहे की वरच्यांच्या. वरच्यांच्या असेल तर कुणाच्या, किती रुपयांचं, कोणत्या तारखेपर्यंत. झाडलोट झाली नाही, तर डॉक्टरला धरा. रजिस्टर खोटं भरलं, तर सिस्टरला धरा, मी मध्ये पडणार नाही. पण छत, पद, लस, फवारे यांच्यासमोर वरच्या साहेबाचं नाव हवं. तारीख टळली की तो कागद ग्रामसभेत वाचायचा.

भाचा: मावशी, एक सांगतो, रागवू नकोस. ज्या दिवशी शेरा वरच्या साहेबाच्या नावावर पडायला लागेल, त्या दिवसापासून तपासणारा शेराच लिहिणार नाही. आपल्याच साहेबाला अडकवणारं वाक्य कोण लिहील? आज छत गळतं हे निदान लिहिलं तरी जातं. उद्या 'केंद्र समाधानकारक' एवढंच लिहून जातील.

मावशी बराच वेळ बोलली नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. लेखापरीक्षक ज्या खात्याचं दप्तर तपासतो त्या खात्याचा नोकर नसतो. आरोग्य केंद्राचा तपासनीस मात्र आरोग्य खात्याचाच असतो. म्हणून लोकांच्या समितीला, जिल्ह्याबाहेरच्या डॉक्टरला, लेखापरीक्षकाला एकत्र बसवून वर्षातून एकदा तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च आरोग्य खात्याच्या तिजोरीतून न येता विधिमंडळानं थेट मंजूर करावा, असं मला वाटतं. भाच्याला त्यात सरपंचाची माणसं घुसण्याची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. पण 2007 च्या त्या मांडवांत सरपंचाची माणसंही बसलेली असायची आणि तरी बाया उठून बोलायच्या.

मावशी: तुला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येतो ना?

भाचा: येतो की. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांत उत्तर.

मावशी: मग लिही. तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांच्या गेल्या तीन वर्षांच्या तपासणीतले शेरे माग. प्रत्येक शेऱ्यापोटी वरच्या कार्यालयानं किती निधी दिला, कोणत्या तारखेला दिला, तेही माग. नाही दिला तर प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, ते माग.

भाचा: अर्ज वळसंगच्या केंद्राच्या नावानं करू? जवळ आहे, मीच नेऊन देतो.

मावशी: केंद्राच्या नावानं करू नकोस. त्या डॉक्टरला रुग्ण सोडून झेरॉक्स काढत बसावं लागेल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या नावानं कर, आणि एक प्रत मुंबईला आरोग्य सचिवांच्या कार्यालयाला.